‘थांब’ म्हटल्यावर कसे थांबावे?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात संगणकाविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की हा विषय शास्त्र शाखेचा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरे असे, की यंत्राला सारे कळते. आपण फक्त बटण दाबावे आणि उत्तर घ्यावे. ही दोन्ही मते मला सारखीच घातक वाटतात, कारण दोहोंमध्येही यंत्राच्या आत डोकावण्याचे कष्ट चुकवण्याची सोय आहे. म्हणून या लेखात मी एक अगदी लहान प्रश्न घेणार आहे. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम एकाच वेळी अनेक हातांनी विचार करीत असतो. त्याला मध्येच थांबवायचे झाले, तर कसे थांबवावे?

कुणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? वीज बंद करा, थांबेल! पण मित्रहो, थांबणे आणि बंद पडणे यांत फरक आहे. बंद पडलेले यंत्र उत्तर देत नाही. थांबलेल्या यंत्राने मात्र आतापर्यंतच्या विचाराचे फळ आपल्या हाती ठेवले पाहिजे, आणि पुढच्या क्षणी नव्या कामाला तयार राहिले पाहिजे. माझे मत स्पष्टच सांगतो. काम करणाऱ्याला बाहेरून मारून थांबवू नये. त्याला ‘थांब’ असे कळवावे, आणि त्याने आल्या वाटेने, हातातले आवरून परतावे. दुसरे असे, की अर्धवट राहिलेले उत्तर पूर्ण उत्तर म्हणून कोणालाही देऊ नये. ही दोन सूत्रे मी नीतीच्या पुस्तकातून आणलेली नाहीत. ती पाळली नाहीत तर प्रोग्राम चक्क चुकीची चाल खेळतो, हे मी दाखवणार आहे.

प्रथम यंत्र विचार कसा करते ते पाहू. बुद्धिबळाच्या पटावर पांढऱ्याला पहिली चाल २० प्रकारे करता येते. काळ्याने उत्तर दिले की प्रकार ४०० होतात. तिसऱ्या चालीनंतर ८,९०२, चौथीनंतर १,९७,२८१ आणि पाचवीनंतर ४८,६५,६०९. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली यंत्राला बुद्धिबळ कसे शिकवावे यावर एक निबंध प्रसिद्ध केला. सर्वसाधारण डाव ४० चालींचा धरला तर एकंदर शक्यता १ वर १२० शून्ये इतक्या होतील, असा अंदाज त्याने त्यात मांडला. १९९७ साली न्यूयॉर्क येथे गॅरी कास्पारॉव्हला ३.५ विरुद्ध २.५ गुणांनी हरवणारा ‘डीप ब्लू’ हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत होता. त्या वेगानेही हे झाड संपणार नाही. म्हणजेच हा शोध आपण होऊन कधी पुरा होतच नाही. तो कोणीतरी थांबवावाच लागतो. थांबवणे ही येथे अपवादाची गोष्ट नसून प्रत्येक चालीला घडणारी गोष्ट आहे. घड्याळावरची वेळ संपली की पटावर कितीही चांगली स्थिती असली तरी डाव हातचा जातो.

हा शोध करणारे फंक्शन स्वतःलाच हाक मारते. ते पटावर एक चाल करते आणि स्वतःलाच म्हणते, “आता पुढचे तू पाहा.” ते दुसरे रूप आणखी एक चाल करते आणि तिसऱ्याला हाक मारते. असे बारा, पंधरा, वीस पायऱ्या खोल गेल्यावर शेवटचे रूप स्थितीला गुण देते. मग प्रत्येक जण आपण केलेली चाल मागे घेतो आणि गुण वरच्याच्या हाती देतो. एका पक्षाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, म्हणून दर पायरीला गुणांचे चिन्ह उलटते. वरचा माणूस खालच्याच्या शब्दावर विसंबून असतो. त्याने स्वतः खाली जाऊन काही पाहिलेले नसते.

माझे वडील गवंडीकाम करतात. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकातली गोष्ट समजून घेताना मी तिला आमच्या ओळखीच्या कामाशी ताडून पाहतो. या शोधाची मला परांचीशी तुलना करावीशी वाटते. गवंडी परांचीवर टप्प्याटप्प्याने चढतो. संध्याकाळी मुकादमाने ‘सुट्टी’ अशी हाक दिली म्हणून कोणी तिसऱ्या मजल्यावरून उडी टाकत नाही. हातातली वीट बसवतो किंवा खाली ठेवतो, थापी आणि घमेले धुतो, कालवलेला माल वाया जाऊ देत नाही, आणि ज्या टप्प्यांनी वर गेला त्याच टप्प्यांनी खाली उतरतो. उतरायला थोडा वेळ लागतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत जशी सोडली तशी सापडते.

शोध थांबवण्याचे तीन मार्ग आहेत, आणि त्या तिन्हींची तुलना परांचीवरच्या माणसाशी करता येते.

पहिला मार्ग बळाचा. जो थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला जो स्वतंत्र कामकरी, विचार करीत आहे त्याला बाहेरून मारून टाकायचे. जावा या संगणकभाषेत अशी सोय आरंभी होती. पण १९९८ साली आलेल्या १.२ या आवृत्तीपासून ती वापरू नये असे भाषेच्या कर्त्यांनीच सांगितले, आणि २०२३ च्या जावा २० पासून तर ती सोय वापरायला गेले असता नुसता नकार मिळतो. कारण साधे आहे. कामकरी मेला की त्याने लावलेली कुलुपे उघडतात. आणि त्याने अर्धी बदललेली वस्तू, ती अर्धी आहे याची काही खूण नसताना, इतरांच्या हाती पडते.

दुसरा मार्ग उडीचा. सी भाषेत खोल गेलेल्या फंक्शनमधून मधल्या सर्व पायऱ्या ओलांडून थेट वर उडी मारता येते. टॉम केरिगन यांच्या टीएससीपी या छोट्या आणि शिकणाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रोग्राममध्ये ही उडी आहे. मात्र उडी मारून झाल्यावर तो प्रोग्राम पटावर केलेल्या चाली एकेक करून मागे घेतो, आणि मगच पुढे जातो. एकच कामकरी, एकच पट, आणि केलेल्या चालींची नोंद हाताशी, म्हणून तेथे हे निभावते. सी प्लस प्लसमध्ये मात्र मधल्या पायऱ्यांवर आवराआवरीचे काम नेमलेले असेल आणि अशी उडी मारली, तर पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही.

तिसरा मार्ग परतीचा. सर्वांना दिसेल अशा ठिकाणी एक निशाण ठेवायचे. थांबायचे झाले की ते वर करायचे. प्रत्येक पायरीवरचे फंक्शन ते पाहते; वर दिसले की आपली चाल मागे घेते आणि परतते. मी या मार्गाचा पुरस्कर्ता आहे. परंतु तो जितका सोपा दिसतो तितका नाही.

पहिली अडचण खोट्या गुणांची. निशाण पाहून परतणाऱ्या फंक्शनने वरच्याला काहीतरी उत्तर द्यावे लागते. बहुधा ते शून्य देते. शून्याचा अर्थ ‘डाव बरोबरीचा’. आता कल्पना करा, आपली स्थिती वाईट आहे. आतापर्यंतची उत्तम चाल खेळली तरी आपण ५ गुणांनी मागे आहोत. म्हणजे तिचे गुण उणे ५. प्रोग्राम आता घोड्याची एक चाल तपासू लागला आहे. तिच्यात खरोखर वजीर मरतो आणि गुण उणे ९ होतात. पण हे कळण्याआधीच निशाण वर झाले. तळाशी असलेल्या फंक्शनने शून्य दिले. वर येताना दर पायरीला चिन्ह उलटले. पण शून्याचे चिन्ह उलटवले तरी शून्यच! ते तसेच वरपर्यंत आले. वरच्याने पाहिले: शून्य हे उणे ५ पेक्षा मोठे. झाले! त्याने आनंदाने घोडा हलवला आणि वजीर गमावला. यंत्राचा विचार चुकला नव्हता. न केलेल्या विचाराला केलेल्या विचाराचे मोल दिले गेले, एवढेच घडले.

यावर उपाय एका ओळीचा आहे. खालून उत्तर आले की प्रथम आपली चाल मागे घ्यावी. लगेच निशाण पाहावे. ते वर असेल तर आलेले गुण न वाचताच परतावे. ‘स्टॉकफिश’ हा २००८ पासून विकसित होत आलेला आणि सर्वांना खुला असलेला प्रोग्राम आहे. त्यात नेमकी हीच रीत आहे. थांबण्याची सूचना झाल्यावर हाती आलेल्या गुणांवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून उत्तम चाल किंवा नोंद यांपैकी काहीही न बदलता परतावे, अशा अर्थाची टीपही तेथे लिहून ठेवली आहे. त्या टीपेतला प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

‘नोंद’ म्हटले, तिचाही खुलासा करतो. निरनिराळ्या क्रमांनी खेळून एकच स्थिती पुनःपुन्हा येते. तोच विचार परत करावा लागू नये म्हणून प्रोग्राम एक वही ठेवतो. आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० साली मांडलेल्या रीतीने प्रत्येक स्थितीला एक मोठा आकडा दिला जातो आणि त्या आकड्याखाली गुण टिपले जातात. ही वही सर्व कामकऱ्यांची सामाईक असते. तिच्यात खोटे शून्य ‘बारा पायऱ्या तपासून’ अशा शेऱ्यासह लिहिले गेले, तर ती एकच चाल बिघडून भागत नाही. पुढच्या चालीलाही तेच शून्य खरे म्हणून वाचले जाते. वहीत जे लिहायचे ते पुरे झालेलेच लिहायचे, हा नियम म्हणून अधिकच कडक हवा.

मग वेळ संपल्यावर यंत्राने खेळायचे तरी काय? येथे परीक्षेचे उदाहरण आपणां सर्वांना पटेल. तीन तासांची घंटा कधी होईल हे ठाऊक नसते असे समजा. शहाणा विद्यार्थी प्रथम सर्व प्रश्नांची दोन-दोन ओळींची उत्तरे लिहील, मग सर्वांची अर्ध्या पानाची, मग पूर्ण. घंटा केव्हाही होवो, हाती काहीतरी पुरे असतेच. प्रोग्रामही असेच करतो. प्रथम एक पायरी खोल, मग दोन, मग तीन. सूचना आली तेव्हा तेरावी फेरी अर्धी असेल, तर बाराव्या फेरीचे उत्तर शाबूत आहे. शिवाय नवी फेरी मागल्या फेरीच्या उत्तम चालीपासून सुरू केलेली असल्याने, अर्ध्या फेरीत ज्या चालींचा तपास खरोखर पुरा झाला त्यांचा निकालही वापरता येतो. मात्र पहिली फेरी निशाण न पाहता पुरी करावी. नाहीतर सांगायला एकही चाल नसायची.

दुसरी अडचण अनेक कामकऱ्यांची. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात; आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा आठ. प्रत्येक कामकऱ्याजवळ स्वतःचा पट, पण वही आणि निशाण सामाईक. हे निशाण साध्या चलात ठेवून चालत नाही. एक जण लिहीत असताना दुसरा तेच वाचू लागला, तर सी प्लस प्लसच्या २०११ च्या प्रमाणकानुसार त्या प्रोग्रामला काही अर्थच उरत नाही. कंपायलर ते निशाण एकदाच वाचून स्वतःशी जपून ठेवू शकतो, आणि मग बाहेर कितीही वेळा वर केले तरी आतल्याला ते खालीच दिसते. त्यासाठी ‘अॅटॉमिक’ जातीचे चल आहे. ते वापरावे. ऐकणाऱ्याला ऐकू जाईल अशी सोय न करता ‘हा ऐकतच नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे.

अनेक कामकरी असले की थांबण्याचे प्रकारही दोन होतात. राइनर फेल्डमान या जर्मन संशोधकाच्या पद्धतीचे नाव मोठे गमतीचे आहे: ‘धाकट्या भावांनी थांबावे’. एका स्थितीतल्या पहिल्या चालीचा, म्हणजे थोरल्या भावाचा, तपास आधी पुरा करावा. मगच धाकटे भाऊ निरनिराळ्या कामकऱ्यांना वाटून द्यावेत. पण त्यांतल्या एकाने ‘ही फांदीच निरुपयोगी’ असे सिद्ध केले, तर उरलेल्यांनी तेवढीच फांदी सोडायची असते, सारा शोध नव्हे. तेव्हा एक निशाण पुरत नाही. प्रत्येक वाटणीच्या जागी वेगळे निशाण लागते, आणि कामकऱ्याने आपल्या वरची सगळी निशाणे पाहावी लागतात. २०१६ साली आलेल्या स्टॉकफिशच्या सातव्या आवृत्तीने ही वाटणी सोडली. आता सर्व कामकरी मुळापासून तोच शोध आपापल्या परीने करतात आणि वहीतून एकमेकांना मदत करतात. थांबणे त्यामुळे सोपे झाले. सर्वांना एकच निशाण पुरले.

तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे, आणि ती निशाण खाली घेताना येते. समजा चार कामकरी आहेत. निशाण वर झाले, तिघे परतले. चौथ्याला त्या क्षणी प्रोसेसरवर पाळीच मिळाली नव्हती. तो जणू झोपेत होता. मुख्य कामकऱ्याने त्याची वाट न पाहता चाल सांगून टाकली, आणि पुढच्या शोधासाठी निशाण खाली घेतले. आता चौथा जागा झाला. त्याने पाहिले, निशाण खाली. तो बिचारा जुन्याच स्थितीचा विचार करीत राहिला! म्हणून क्रम असा हवा: निशाण वर करावे, सर्वजण परतल्याची खात्री करावी, मग चाल सांगावी, आणि नव्या कामाला कोणाला उठवण्यापूर्वी मुख्यानेच निशाण खाली घ्यावे. ते खाली घेण्याचे काम कामकऱ्यांवर सोपवू नये. नाहीतर काम सुरू होताहोताच आलेली ‘थांब’ ही सूचना एखादा कामकरी अजाणता पुसून टाकील.

या मतावर आक्षेप आहेत, आणि ते डावलणे बरोबर होणार नाही. पहिला आक्षेप वेगाचा. दर पायरीला निशाण पाहण्यात वेळ जातो. यात तथ्य आहे. पण निशाण वाचणे स्वस्त आहे, महाग आहे ते घड्याळ विचारणे. ते एकट्या मुख्याने, तेही दर १,०२४ स्थितींनी एकदा विचारावे. सेकंदाला १० लाख स्थिती तपासणाऱ्याला हे अंतर सुमारे एक हजारांश सेकंदाचे पडते. तेवढे हाती राखून ठेवले की पुरे. दुसरा आक्षेप असा, की पटाची एक नक्कल करून तिच्यावरच शोध करावा आणि थांबताना नक्कल फेकून द्यावी. मग चाली मागे घेण्याची कटकट कशाला? हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. पट असा वाचेल. पण सामाईक वही फेकून देता येत नाही, आणि सोबतच्या कामकऱ्यांची वाट पाहणे चुकत नाही. तिसरा आक्षेप, प्रोग्राम संपला की संगणक सारे आपोआप आवरतोच. खरे आहे, पण डाव एका चालीने संपत नाही. हीच वही आणि हेच कामकरी घेऊन अजून चाळीस चाली खेळायच्या आहेत.

आता कोणी विचारील, या साऱ्याचा कला शाखेच्या वार्षिकात काय संबंध? माझ्या मते फार जवळचा आहे. खोट्या शून्याची गोष्ट ही मुळात भाषेची गोष्ट आहे. ‘मला ठाऊक नाही’ आणि ‘दोन्ही बाजू सारख्या आहेत’ ही दोन अगदी वेगळी वाक्ये एकाच चिन्हाने लिहिली गेली, आणि वाचणारा फसला. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो ते याहून निराळे काय आहे? बुद्धिबळात फार तर वजीर जातो. पण शोध घेऊन, वेळ संपली की जमेल ते उत्तर देणारे प्रोग्राम आता खेळापुरते राहिलेले नाहीत. त्यांनी दिलेला आकडा पुरा तपास करून आला की मध्येच थांबून, हे आपण विचारायला शिकले पाहिजे. आणि ते विचारायला शास्त्र शाखेचा दाखला लागत नाही. एखादी गोष्ट मुळापासून समजून घेण्याची हौस लागते. स्टॉकफिशचा सारा मजकूर कोणालाही फुकट वाचता येतो. ज्याच्या घरी संगणक नाही त्यालाही तो मोबाइलवर वाचता येतो. अडते ते भाषेपाशी. ते समजावणारे मराठी लेखन आपणच केले पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या प्राध्यापकांनी ‘हा आपला विषय नाही’ हे वाक्य थोडे कमी उच्चारावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

विनंतीवरून आठवले. सी प्लस प्लसच्या २०२० च्या प्रमाणकात कामकऱ्याला थांबवण्याची जी नवी सोय आली, तिच्या नावातच ‘विनंती’ हा शब्द आहे. कामकऱ्याला थांबण्याची विनंती करायची, आणि केव्हा व कसे आवरून परतायचे हे त्याच्याकडे सोपवायचे. सुरुवातीच्या काळी यंत्राला मारून थांबवणारी माणसे अनुभवाने या शब्दापर्यंत आली आहेत. मात्र विनंती ऐकणाऱ्यावरही जबाबदारी येते: वरचेवर निशाणाकडे पाहत राहण्याची, पुरे झाले ते पुरे आणि अपुरे ते अपुरे असे स्पष्ट सांगण्याची, आणि पट जसा हाती घेतला तसाच परत करण्याची. प्रोग्राम किती खोल विचार करतो याचेच कौतुक आजवर फार झाले. तो कसा थांबतो, हेही आपण यापुढे विचारीत जावे.